घनसावंगीचा बारावा तेलताड

निजामी अमलात घनसावंगीजवळच्या सरकारी बागेत तेलताडाची, म्हणजे पामतेलाच्या झाडाची, बारा रोपे आली होती. बातमीसाठी मी गेलो तेव्हा एकच जिवंत होते. त्याच्याशेजारी माळी विडी ओढत बसला होता.

"बाकीची कशानं गेली?" मी विचारले.

त्याने जमिनीच्या भेगेत हात घातला. तो कोपरापर्यंत आत गेला.

"उन्हाळ्यात ही काळी माती अशी फाटती अन् मुळ्या तोडती. पावसाळ्यात पाणी धरून बसती, मंग मुळ्या सडत्यात. ह्याला बारा म्हैने ओल पायजे, पर तुंबलेलं बिलकुल न्हाई. साहेबानं हैद्राबादेत बसून नकाशावर गोदावरी बघितली, अन् झालं."

अकरा रोपे साहेबाच्या हुकमाप्रमाणे थेट काळ्या मातीत लावली होती आणि ती मेली. बाराव्याच्या खड्ड्यात माळ्याने हुकूम मोडून मुरूम भरला होता, वर उसाचे पाचट पसरले होते. पाचट सारून त्याने मातीत बोट खुपसले, ओल पाहिली आणि अर्धीच घागर ओतली.

"अर्धीच का?"

"ह्ये मेलं तर बाग बंद अन् माझी नोकरी गेली. जोमानं वाढलं तर साहेब पुढच्या साली पाचशे रोपं धाडतील. आडाचं पाणी कोण शेंदणार, तुमी?"

मी वहीत 'प्रयोग सुरू आहे' एवढेच लिहिले आणि त्याला वाचून दाखवले.

"बराबर," तो म्हणाला, आणि उरलेली अर्धी घागर त्याने कुंपणालगतच्या स्वतःच्या मिरच्यांना घातली. मिरच्या फार जोमात होत्या.