खांद्याला हात लावू नये

लेकीने मोठ्या हौसेने आईबापांना डोंगरावरच्या त्या आलिशान हॉटेलात एका रात्रीची खोली घेऊन दिली, तेव्हा आईला, योक-पेंगला, आनंदापेक्षा धास्तीच वाटली. त्या खोल्यांच्या खाली जुगाराचे मजलेच्या मजले आहेत, हे अख्ख्या मलेशियाला ठाऊक. पण बापाची जुनी गोष्ट लेकीला, सू-लिनला, कुणी सांगितलीच नव्हती, मग त्या बिचारीचा काय दोष?

"आई, गार हवा आहे. दोघं जरा आराम करा," लेक म्हणाली होती.

आराम कसला! इपोहून क्वालालंपूर, तिथून दुसरी बस, मग पोटातलं ढवळून काढणारा घाट. रात्री गादी इतकी मऊ, की कूस वळायलाही कष्ट पडत होते. शेजारी नवरा, काम-वा, ढाराढूर घोरत होता. घोरणं थांबलं की ती दचकून बघायची, म्हातारा जागेवर आहे ना! दुधाने तोंड पोळलेली बाई ती. तिला झोप कुठून लागणार?

पोळलं होतं ते असं. काम-वाचं इपोहमध्ये छोटं खानावळीचं दुकान होतं. उकडलेली कोंबडी आणि मुगाचे मोड खायला लोक रांगा लावायचे. पण मालकाला पत्त्यांचा नाद. एका दुपारी सू-लिन तापाने फणफणली, म्हणून योक-पेंग धावत बाजारामागच्या अड्ड्यावर गेली आणि मागून तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खेळणाऱ्याच्या खांद्याला हात लावला की त्याचं नशीब तिथेच विझतं, हे आम्हा चिनी लोकांत शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण पोरीच्या काळजीत तिचं भान सुटलं. त्या डावात काम-वाने दुकान पणाला लावलं होतं. ते गेलं.

"तुझ्या हाताने घालवलंस!" तो सगळ्यांदेखत ओरडला होता.

नाचता येईना, अंगण वाकडं. पण मनातून तिलाही ते थोडं खरं वाटलं होतं. त्यानंतर त्याने पत्त्याला बोट लावलं नाही आणि तिने त्याच्या खांद्याला. त्याला उठवायचं असलं तर ती बाही ओढायची. त्याचा खांदा आखडला तेव्हा तेल चोळायला लेकीला पाठवलं. तो लॉरी चालवू लागला. ती त्याच दुकानात, नव्या मालकाकडे, बुटक्या स्टुलावर बसून मोडांच्या शेपटीसारख्या मुळ्या खुडू लागली. त्यातच तिचे गुडघे गेले.

तर सकाळी पेज खाऊन दोघं खाली आले. काम-वा तिला एका खांबापाशी उभं करून म्हणाला, "इथेच थांब, आलोच." आणि गेला तो गेलाच.

तिने वाट पाहिली. माणसांचे लोंढे जुगारखान्याच्या दरवाजाकडे चालले होते. जित्याची खोड, ती मनाशी म्हणाली. रागही आला नाही तिला, नुसता थकवा आला. आता पुन्हा पहिल्यापासून? या वयात? ओळखपत्र दाखवून ती आत शिरली.

आत ना घड्याळ, ना खिडकी. प्रत्येक टेबलाभोवती पांढऱ्या डोक्यांची गर्दी, आणि प्रत्येक वाकलेली पाठ काम-वाचीच वाटायची. हिंडून हिंडून तिच्या पायांचे तुकडे पडले. शेवटी एका मशीनपुढच्या खुर्चीत तिने अंग टाकलं. लगेच रखवालदार हजर.

"आंटी, ही खुर्ची खेळणाऱ्यांसाठी आहे हं."

"अरे, एवढा महाल बांधलात, म्हातारीला टेकायला दुसरी जागा नाही?"

"काय करू, आंटी? खेळा, आणि बसा दिवसभर."

गुडघ्यांपुढे तिचं काही चाललं नाही. जन्मभर जुगाराच्या नावाने बोटं मोडणाऱ्या बाईने एक नोट मशीनमध्ये सरकवली आणि बटण न दाबता नुसती बसून राहिली. रखवालदार निघून गेला.

तेवढ्यात मागून तिच्या खांद्यावर हात पडला.

"म्हाताऱ्या, खांदा!" तिच्या तोंडून आपसूक निघालं.

काम-वाच होता. काखेत घरून आणलेला थर्मास. "गरम पाणी शोधत होतो तुझ्यासाठी. एवढ्या मोठ्या हॉटेलात गरम पाणी मिळेल तर शपथ! शेवटी भांडी घासणाऱ्या बायकांनी दिलं. परत येतो तर खांबापाशी तू नाहीस. आणि ही इथे मजेत जुगार खेळतेय!"

"मजेत? तुला शोधून जीव गेला माझा. आधी हात काढ."

त्याने काढला नाही. "दाब ते बटण. हरलीस तर खुशाल सगळ्यांना सांग, म्हाताऱ्याने खांद्याला हात लावला म्हणून."

तिने दाबलं. चित्रं गरगरली, थांबली. नोट गेली.

"बघ, माझ्या हाताने," तो म्हणाला.

"हाताचा काय संबंध?" ती वैतागून म्हणाली. "नोट मी घातली, बटण मी दाबलं. मीच हरले."

थर्मासचं झाकण त्याने उगाच घट्ट केलं.

"मीपण," तो म्हणाला. "त्या दिवशी... मीच हरलो होतो."

योक-पेंगला वाटलं, आता रडू येईल. पण रडायलाही अंगात त्राण लागतं.

"चल, बस चुकेल," ती म्हणाली. उठायला गेली, तर गुडघे उठू देईनात. मग तिने त्याचा खांदा गच्च धरला आणि त्यावर सगळा भार टाकून उभी राहिली.