इंजिनकाकांचा दम

अग्निशमन केंद्रात सगळे त्यांना इंजिनकाका म्हणत. इतर जण धापा टाकत भिंतीला टेकलेले असायचे, तेव्हा हे खांद्यावर नळी टाकून पुढच्या मजल्यावर निघालेले असत. टोपणनावाची एक खोड असते. एकदा चिकटलं की माणसाला त्याला जागावं लागतं. पन्नाशी उलटली तरी काका जागत होते. आताशा मात्र घरचा जिना चढून आले की चपला काढायच्या निमित्ताने शेवटच्या पायरीवर जरा जास्तच वेळ बसून राहत.

त्या सकाळी दमाची वार्षिक परीक्षा होती. अंगावर पूर्ण पोशाख, पाठीवर हवेची टाकी. अशा अवतारात चार मजले चढायचे आणि वरून माणसाच्या वजनाचा बाहुला ओढत खाली आणायचा. ठरल्या वेळेत जमलं तर तुकडीत राहायचं, नाहीतर कायमचं टेलिफोनपाशी बसायचं. काकांना टेलिफोनचा तिटकारा होता. शिवाय त्याच तुकडीत त्यांची लेक होती. धुरात शिरताना ती पुढे असायची आणि तिच्या मागे, तिचा पट्टा हाताला लागेल इतक्या अंतरावर, बाप.

परीक्षेला उपाशीपोटी जायचं, हलकं पोट म्हणजे हलके पाय, अशी केंद्रात जुनी समजूत होती. ही अक्कल कोणी पाजळली देव जाणे. आदल्या दिवशी गोदामाच्या आगीत नळ्या ओढून ओढून काकांच्या मांड्यांतली साठवणीची साखर संपत आली होती. त्यात रात्री न जेवताच आडवे झाले आणि सकाळी नुसता चहा.

"दोन घास खाऊन घ्या, बाबा," लेक म्हणाली.

"आल्यावर बघू."

शिटी वाजली आणि काका सुटले. शरीराचं शेकोटीसारखंच असतं. आधी कागद पेटतो. तशी स्नायूंत तयार असलेली ताकद भपकन येते आणि काही सेकंदांत तिची राख होते. पहिला मजला काकांनी तिच्यावरच मारला. मग काटक्या, म्हणजे हवेची वाट न बघता घाईघाईने जाळलेली साखर. धग चिक्कार, पण मांड्याही भाजून निघतात. लांबचा पल्ला गाठून देतो तो ओंडका. म्हणजे श्वासातल्या हवेवर सावकाश जळणारी साखर आणि चरबी. त्याला धीर लागतो आणि फुंकर लागते. धीर काकांनी खालीच सोडला होता. तिसऱ्या मजल्यावर काळीज छातीत धडका देऊ लागलं, तरी पाय मागत होते तेवढी हवा काही पोचेना.

बाहुल्याला त्यांनी काखेतून धरलं. एक पायरी उतरायची, थांबायचं. डोळ्यांसमोर काजवे चमकत होते. "सोडा तो, काका," कोणीतरी वरून म्हणालं. काकांनी सोडला नाही. तळाशी पोचले तेव्हा वेळ कधीच उलटून गेली होती. ते तिथेच फरशीवर बसले. टोप काढायलाही हात वर होईना.

परीक्षक त्यांच्याच बरोबर भरती झालेला जुना सोबती. तो शेजारी उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "घड्याळ माझ्या हातात आहे. तुझ्याइतकी आग कोणी पाहिलीये का इथे? लिहितो पास."

"बाबा उपाशी होते," लेक घाईने म्हणाली. "उद्या परत घ्या. उद्या जेवून येतील."

काकांना सगळं भुकेवर ढकलणं सोपं होतं. पण गेल्या महिन्यातल्या सरावाला ते पोटभर जेवून आले होते आणि तेव्हाही तिसऱ्याच मजल्यावर कठडा धरून उभे राहिले होते. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, लेकीलाही नाही. सगळी सोंगं आणता येतात, दमाचं आणता येत नाही. समोर लेक उभी होती, अंगापिंडाने थेट बाहुल्याएवढी. त्यांना भयंकर थकल्यासारखं वाटलं, आणि लाज वाटली.

"नापास लिही," ते सोबत्याला म्हणाले. "आणि हिच्या मागे कोण द्यायचा ते आजच ठरव. हिला वरून खाली आणणं मला जमणार नाही."

लेकीने तोंड फिरवलं. सोबत्याने लिहिलं.