महादेवाच्या दगडांची आंघोळ

काय म्हणता, आमच्या नव्या देवळात दगडांचा एकबी जोड दिसत न्हाई? आवो, पण ते देऊळ उभं राहायच्या आधीच मी कसं बुडवलं होतं, ते कुणी सांगितलं न्हाई वाटतं! बसा, चहा घ्या, माझ्याच तोंडून ऐका.

साखऱ्याजवळचं आमचं गाव. महादेवाचं देऊळ आधी मातीच्या भिंतीचं होतं, सासऱ्यांच्या वेळी वर पत्रे आले. मग गावानं ठरवलं, आता शिखराचंच बांधायचं! राजस्थानात दगड घडवायचे, ट्रकनं आणायचे आणि इथं खाचेत खाच बसवून उभं करायचं. सिमेंट न्हाई, लोखंड न्हाई! आणि कमिटीचे अध्यक्ष कोण? आमचे मालक! मी किती फुगले असेन सांगा.

दगड उतरले त्या दिवशी मालक दोन दिवसांसाठी हिंगोलीला गेलेले, फोन घरीच विसरलेले. राजस्थानातून, दगड घडवणाऱ्या भंवरलाल मिस्त्रीचा फोन आला. रेंज अशी, की एक शब्द आला तर दोन गायब.

"भाभीजी, पत्थर साफ... खर्रर्र... रखना!"

"व्हय व्हय, बराबर!"

पुढं कळलं, ते म्हणत होते, 'साफ जगह पे रखना.' मधली जागा कुठं गेली, त्या टॉवरलाच ठाऊक!

दगड बघून अंगावर काटा आला हो! हत्ती, कमळं, वेलबुट्टी! पण प्रत्येकाच्या पाठीवर लाल रंगानं काहीतरी खरडलेलं.

"देवाच्या दगडावर कोण्या मेल्यानं रेघोट्या मारल्या?" मी कडाडले आणि आमचं सगळं भजनी मंडळ गोळा केलं. ब्रश आले, काथ्या आला. रंग निघेना, तर दुकानातून थिनरचे डबे आणले!

माझी जाऊ कमल म्हणाली, "अक्का, हे आकडे तर न्हाईत?"

"आकडे काहून असतील? घास तू!"

'हर हर महादेव' करत दोन दिवस घासलं. दगड कसे आरशासारखे!

तिसऱ्या दिवशी मिस्त्री आले. एक दगड उलटा केला, दुसरा केला, तिसरा केला.

"नंबर किधर है?"

"कोणते नंबर?"

"कौन सा पत्थर किसके ऊपर बैठेगा, सब लिखा था!"

"वो? वो तो हमने धो डाला!"

मिस्त्री मटकन खाली बसले. मालक माझ्याकडं बघून म्हणाले, "अगं, आंघोळ महादेवाला घालतेत. तू त्याच्या घराचा पत्ताच धुतलास!"

हसू नका! कळसाचा मुहूर्त ठरलेला, पाहुण्यांना आवतनं गेलेली. शेवटी मीच मिस्त्रीपुढं हात जोडले, "भाऊ, काय करू सांगा."

"टेप पकडो, भाभीजी. और ब्रश फेंक दो."

मग काय! मिस्त्रीचा नकाशा पुढं ठेवून आमी बायकांनी एकेक दगड मोजला. एखादी खाच 'खट्ट' करून बसली की सगळं गाव आरोळी ठोकायचं! असं करत देऊळ उभं राहिलं, मुहूर्ताच्या चार दिवस आधी!

आणि एक दगड उरला.

चांगला पायलीएवढा, तिरपा, काळा. मिस्त्री म्हणाले, "ये मेरा नहीं है." पण मला वाटलं, मन राखायला बोलून राहिले. माझ्याच चुकीनं देवाचा एक दगड बाहेर राहिला! मी त्याला देवळाच्या दारापाशी मांडला, हळदीकुंकू लावलं, हार घातला, तीन दिवस उपास धरला. मग सगळं मंडळ त्याच्या पाया पडू लागलं. कमलनं तर नारळ फोडला!

चौथ्या दिवशी दगड आणणारा तोच ट्रकवाला कळस घेऊन आला. उतरला आणि आनंदानं ओरडलाच, "अरे भाभीजी, ये इधर है? मैं कब से ढूँढ रहा था! चढान पे टायर के पीछे लगाता हूँ इसको!"

त्यानं हारासकट दगड उचलला आणि चाकामागं सारला.

आता खोटं कशाला सांगू? चारचौघात त्या टायरापुढं माझे हात आपोआप जोडले गेले!