दादाचा ‘सोड’

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कॉमेंटमध्ये मला विज्ञान शिकवायचे तुमचे कष्ट वाचतील. मशीन बंद पडलं तर वायर तपासायची, नारळ फोडायचा नाही, असं आमचं घर. तरीही हे लिहितेय... कारण दुसरीकडे कुठे सांगायचं ते कळत नाही.

मी आणि माझा थोरला भाऊ क्लॉ मशीन दुरुस्त करायचो. मॉलच्या गेम झोनमध्ये काचेची मोठी पेटी असते बघा, आत टेडी भरलेले आणि वर लोखंडी पंजा लटकलेला, ती. आम्ही मूळचे धायरीचे, पण दादाला शेतापेक्षा सोल्डरिंगची गोडी जास्त. बुधवार पेठेतल्या एका बोळात त्याचं छोटं दुकान होतं. डिप्लोमा झाल्यावर मीही तिथेच चिकटले. लोक हमखास विचारतात, “तुम्ही पंजा मुद्दाम सैल ठेवता ना?” हो, ठेवतो. गेम झोन आहे तो, प्रसादाची रांग नाही.

आता आमच्या कामाची एक पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पंजाची पकड सेट केली की तो दोन-चार वेळा चालवून बघावा लागतो. पण समोर उभं राहिलं की पंजा टेडीच्या नेमका वर आहे की मागे, ते कळत नाही. म्हणून मी समोर बटणांपाशी आणि दादा बाजूच्या काचेला नाक लावून. तो सांगायचा, “आण... आण... अजून आण... सोड!” की मी बटण दाबायचे. पंजा खाली जायचा आणि टेडीला घट्ट धरायचा. मग उघडायची वेळ आली की तो म्हणायचा, “दे.” म्हणजे जगात ‘सोड’चा अर्थ काहीही असो, आमच्या दुकानात ‘सोड’ म्हटलं की पकडायचं. दिवसातून इतक्या वेळा ऐकायचे मी तो शब्द, की तो शब्द आहे हेही विसरले होते.

गेल्या वर्षी दादाला पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. वहिनी, म्हणजे त्याची बायको, हॉस्पिटलमध्ये त्याच्या उशाशी बसून असायची, त्याचा उजवा हात आपल्या हातात घेऊन. बोटं वळत नव्हती त्याची, तीच धरून बसायची. डॉक्टर म्हणाले होते, बोलणं कदाचित थोडंथोडं परत येईल. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत बसायचो.

आणि एक दिवस शब्द आला. त्याने वहिनीच्या हाताकडे बघितलं आणि म्हणाला, “सोड.”

आधी आम्हाला आनंदच झाला. मग त्याने परत तेच म्हटलं. सिस्टर म्हणाल्या, “काकू, हात सोडा म्हणतायत ते. जरा मोकळं राहू द्या त्यांना.” वहिनीने हात सोडला. तर तो आणखी जोरात, “सोड! सोड!” डोळ्यांतून पाणी. आम्हाला वाटलं, चिडलाय. वहिनी उठली आणि पायथ्याच्या स्टुलावर जाऊन बसली. मी तिथेच उभी होते. मलाही तेच वाटलं, जे सगळ्यांना वाटलं.

त्यानंतर वहिनीने त्याची सगळी सेवा केली, पण हात काही धरला नाही. आठवडाभरात दादा गेला. दुसरा शब्द आलाच नाही.

वहिनी रडली नाही. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. भावकीतल्या बायका कुजबुजायच्या, काळजाच्या जागी दगड आहे म्हणून. मी एकदा धायरीला गेले होते तेव्हा मेथी निवडता निवडता मान वर न करता म्हणाली, “येवढा संसार केला त्यांच्यासंगं. अन् शेवटाला काय, तर हात सोड. मी नको हुते त्यांला.”

“असं नाही गं वहिनी, आजारपणात माणूस काहीही बोलतो.”

“येकच शब्द हुता त्यांच्याकडं. त्यो मला दिला,” ती म्हणाली. वर्षश्राद्ध जवळ आलं तसं तिने सांगून टाकलं की ती असणार नाही. घराला कुलूप लावायचं आणि भोरला माहेरी जाऊन राहायचं. दादाचा फोटोसुद्धा ती नेणार नव्हती.

आता मूळ गोष्ट. वारज्याच्या एका गेम झोनमधल्या मशीनची तक्रार होती, पंजा नीट मिटत नाही म्हणून. सकाळची वेळ, मॉल उघडायचा होता. झाडणाऱ्या मावशी सोडल्या तर मजल्यावर कुणी नव्हतं. पंजाचं साधं असतं. वर कॉइल असते, तिला वीज मिळाली की पंजा मिटतो, वीज गेली की स्वतःच्या वजनाने उघडतो. मी मेन स्विच बंद केला, प्लग काढला. मग कॉइलचा कनेक्टरही काढून डाव्या हातात धरला. उजव्या हाताने पंजाच्या सांध्यात अडकलेला टेडीचा कापूस काढत होते.

आणि पंजा मिटला. माझ्या चार बोटांवर... हळूच, पण पुरता.

भीती वाटली नाही, खरं सांगते. वैताग आला. वाटलं, सांधा अडकला. बोटं ओढली, निघेनात. तोंडातून आपसूक गेलं, “अरे सोड!”

पकड घट्ट झाली.

“सोड म्हणते ना!”

अजून घट्ट. दुखत नव्हतं. आपण उठून जाऊ नये म्हणून कुणी हात धरून ठेवावा, तेवढंच. लांबून मावशी ओरडल्या, “कुणाशी बोलताय ताई?” तेवढ्यात मला हॉस्पिटलमधला तो शब्द ऐकू आला. खरोखरचा नाही, आठवणीतला. आणि पहिल्यांदाच तो मला आमच्या दुकानातल्या अर्थाने ऐकू आला. मग अगदी हळू म्हणाले, “दे, दादा.”

पंजा उघडला.

नंतर मी तो पंजा पूर्ण खोलला. सांधे मोकळे, स्प्रिंग ठीक, कॉइलमध्ये काही उरलेलं नाही. ओळखीच्या दोन मेकॅनिकांना विचारलं. एक म्हणाला, गंज असेल. दुसरा म्हणाला, सुट्टी घे.

मी थेट धायरीला गेले. वहिनी भांडी पोत्यात भरत होती. वाटेत शंभरदा विचार केला, सांगावं की नाही? पण ‘मी नको होते’ हे उराशी घेऊन तिने उरलेलं आयुष्य काढायचं, हे मला बघवत नव्हतं. दुकानातल्या ‘सोड’चा अर्थ, मशीनमध्ये झालेलं, सगळं सांगितलं.

ती आधी म्हणाली, “लागलं का तुला?” मग हातातलं पातेलं खाली ठेवलं.

“म्हंजे... धर म्हनत हुते?”

“हो वहिनी. घट्ट धर म्हणत होता.”

“अन् मी सोडला.”

मला वाटलं होतं, तिचं ओझं उतरेल. मी फक्त ते बदलून दिलं होतं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा, मोठ्याने, शेजारच्या घरातून बायका धावत आल्या इतकी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. का बोलले मी?

बायका गेल्यावर तिने पदराने तोंड पुसलं. “सांगितलंस ते बरं केलंस. राग हाय तवर रडू येत न्हाई गं. मानूस गेलं, अन् मला रडताबी येत नव्हतं.” मग पोत्यातली भांडी एकेक करून परत मांडणीवर लावायला लागली.

तो पंजा कसा मिटला ते मला आजही माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा, चेष्टा केलीत तरी चालेल. मला त्याचं एवढं काही नाही. वाईट याचं वाटतं की दादाने जे सांगायचं ते स्वतःच्या तोंडाने, स्वच्छ सांगितलं होतं, आणि त्याचा हात कुणी धरला नाही.