लातूरचा भोपळा

माझं अक्षर किडामुंगीसारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. कुणाची मागते ते मलाही सांगता येणार नाही, कारण ही वही कुणाला दाखवायची नाही. लेकीच्या बारावीच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यावर लिहिते आहे. चौथीनंतर माझी शाळा सुटली. आई रोजानं कामाला जायची आणि धाकटा भाऊ रांगत होता. त्याला कडेवर घेऊन मी घरी राहिले. तो पुढे शिकला, कॉमर्सला गेला.

हे, म्हणजे माझे मालक, जाऊन आता सहा महिने झाले. मातीच्या वेळी नांदेडच्या आमच्या चर्चमधले पाळकसाहेब म्हणाले, असा संसारी आणि देवभिरू माणूस आता बघायला मिळत नाही. ते खरंच होतं. हे शाळेचे युनिफॉर्म शिवायचे. शनिवारी दुपारीच मशीन बंद करून सगळ्यांचे कपडे इस्त्री करायचे. लेकीच्या वेण्या माझ्यापेक्षा घट्ट घालायचे. ताप असला तरी रविवारची उपासना चुकवली नाही. पाळकसाहेब बोलत होते आणि सगळे माना हलवत होते. मीही हलवली. त्याच माणसावर मी नऊ वर्षं संशय घेतला, हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं.

संशयाची सुरुवात भोपळ्यापासून झाली. लातूर माझं माहेर. एका वर्षी दिवाळीनंतर हे एकटेच लातूरला गेले आणि येताना एक मोठा लाल भोपळा घेऊन आले.

"हंगामाच्या सणाला गेलतो," म्हणाले. "लिलावात घेतला."

हा सण आमच्या नांदेडच्या चर्चमध्येही होतो. लोक शेतातलं, परसातलं काहीबाही आणून वेदीपुढे ठेवतात, भोपळे, ज्वारीची कणसं, कोंबड्या, अंडी. उपासना झाली की बाहेर मांडव घालून त्याचा लिलाव करतात आणि पैसे चर्चला जातात. म्हणून मी विचारलं, "इथला सण सोडून तिकडं कशाला?"

"तुझं माहेर हाय. नातं ठेवावं माणसानं."

"मग मला का न्हाई नेलं?"

"तिकिटाचे पैसे वाचले."

"आणि भोपळा कितीचा?"

"वीस रुपयाचा," म्हणाले आणि सुईत दोरा ओवायला लागले.

दुसऱ्या वर्षी पुन्हा गेले. तिसऱ्या वर्षी पिशवीतून जिवंत कोंबडी आणली. शेजारीण दारात उभी राहून हसायची. "काय वैनी, मालकानं लातूरला मळा घेतला का काय? का दुसरं बिऱ्हाड मांडलंय?" ती थट्टा करायची, पण मी ती खरी धरायचे. कारण लातूरच्या गायनमंडळात एक नर्स होती. माझ्याआधी ह्यांना तिचं स्थळ आलं होतं. तिनं लग्न केलंच नाही.

भावाला फोन करून सहज विचारल्यासारखं विचारलं, "भाऊजी आलते का रे?" तो म्हणाला, "हाव, आलते." आणि लगेच, "ताई, गिऱ्हाईक आलंय," म्हणून फोन ठेवला. पूर्वी हाच माझ्याशी तासभर बोलायचा. आधी तो तिथल्या चर्चचा खजिनदार होता, सगळा हिशेब त्याच्याकडे असायचा. ते काम त्यानं पहिल्या भोपळ्याच्या वर्षीच सोडलं होतं, पण ते मी मनात घेतलं नाही. मला वाटलं, दोघं मिळून माझ्यापासून ती बाई लपवून राहिले.

शर्टांची काज-बटणं मीच करायचे, त्यामुळं किती शर्ट झाले ते मला तोंडपाठ असायचं. दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला शर्ट जास्त व्हायचे आणि घरात पैसे कमी यायचे. एकदा धुवायच्या शर्टाच्या खिशात चर्चची पावती सापडली. वाचायला वेळ लागला, पण वाचली. कोंबडी एक, रुपये साडेतीन हजार.

म्हणजे ती कोंबडी त्या नर्सचीच असणार, असं मी धरलं. चारचौघांत तिच्या कोंबडीला साडेतीन हजार बोलतो हा माणूस. पावती होती तशी खिशात ठेवली आणि शर्ट न धुताच खुंटीला लावला. भांडायची मला हिंमत नव्हती. त्या कोंबडीचा रस्सा मी केला, सगळ्यांना वाढला आणि स्वतः चटणीशी भाकरी खाल्ली. ह्यांनी बघितलं, विचारलं नाही. न विचारणं हाच मला पुरावा वाटला.

गेल्या वर्षी ह्यांच्या किडन्या गेल्या. दवाखान्यात एका दुपारी लेक औषधं आणायला गेली होती तेव्हा मला जवळ बोलावलं.

"यंदा सणाला तुला जावं लागंल लातूरला. चार हजार राहिलेत. मशीनच्या खणात हायेत."

"कुणाचे?"

"चर्चचे. तुझ्या भावानं छपराच्या पत्र्यासाठी जमवलेल्या वर्गणीतले चाळीस हजार उचलले होते. तिथले म्हातारे पाळक आणि मी, दोघांनाच ठाव होतं. तसेच भरले असते तर कशाचे ते पावतीवर लिहावं लागलं असतं, ते सभेत वाचलं असतं. लिलावात भोपळ्याला जास्त बोललं तर कोण विचारतंय?"

"मला का न्हाई सांगितलं?"

"तू त्याच्यापायी शाळा सोडली. आता त्याला चोर म्हणलेलं तुला ऐकवलं असतं का?"

मी मान हलवली, पण विश्वास ठेवला नाही. मरतानाही त्या बाईला झाकून राहिलेत, असं वाटलं. भावाला विचारलं तर तोही शिकवलेलंच बोलेल. ते म्हातारे पाळक तर आधीच वारले होते.

सणाच्या वेळी ह्यांना जाऊन दोन महिने झाले होते. बायकांना अर्धं तिकीट आहे आता, तरी मी एसटीत एकटी पहिल्यांदाच बसले. खणातले चार हजार घेतले, पण पैसे भरायला नव्हे, ती बाई बघायला निघाले होते.

भावाकडे उतरले. भावजय पाणी आणायला आत गेली तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "ताई, आता किती राहिलं?"

मी त्याला एक शब्दही सांगितला नव्हता.

"चार," म्हणाले. नऊ वर्षं त्याला माहीत होतं आणि त्यानं भरू दिलं. मी कडेवर वागवलेलं पोर ते.

मांडवात ती नर्स भेटली. जाड भिंगाचा चष्मा, पांढरे केस. माझा हात धरून म्हणाली, "तुमचे मालक लई साधे होते हो. पण भोपळ्याचं येड होतं त्यांना. आम्ही तर भोपळेवाले भाऊजीच म्हणायचो." तिच्या तोंडाकडे मी नीट बघितलं. तिथं काही नव्हतं.

लिलाव सुरू झाला. कोंबडी निघाली तेव्हा मागून भावाचा आवाज आला, "एक हजार." भावजयीनं त्याच्याकडे वळून बघितलं. त्याला लाज वाटली म्हणून बोलला, की मी बघते आहे म्हणून, ते मला आजही ठरवता येत नाही. त्यापुढं तो बोलला नाही.

मग भोपळा आला. कुणी तीस म्हणालं, कुणी पन्नास. चर्चमध्ये मी गाण्याशिवाय कधी तोंड उघडलेलं नाही. मी उभी राहिले.

"तीन हजार."

बोली पुकारणारा म्हणाला, "वैनी, आतून सोन्याचा हाय का काय?" लोक हसले. मग कुणीतरी हळूच सांगितलं, भोपळेवाल्यांची मंडळी हाय, आणि हसू थांबलं.

आताचा खजिनदार पावती फाडायला बसला. "कुणाच्या नावानं?" मी ह्यांचं नाव सांगितलं. त्यानं नोटा मोजल्या, मी त्याच्या बोटांवर डोळा ठेवून बसले. शेजारी भाऊ कोंबडीचे हजार देत होता. दोन्ही पावत्या मी मागून घेतल्या आणि अक्षर अक्षर लावून वाचल्या. तीन आणि एक, चार हजार. काही राहिलं नव्हतं.