आधी काचा, मग कूलर

मंडळी, आज सकाळी जळगावच्या जुन्या गिऱ्हाईक अक्कांचा फोन आला. "भाऊ, कूलरवाला दारात उभा शे. लवकर ये."

खिडक्यांच्या काचा पुसायचं काम मी कधीच सोडलंय. तरी फडकं घेऊन निघालो.

नव्वद-एक्क्याण्णवला याच घरून मी दोनदा परत फिरलो होतो. एकदा दाराला कुलूप, अक्का सावद्याला लग्नाला गेलेल्या. दुसऱ्यांदा खिडकीत पाण्याने भरलेला कूलर, तो पाऊस पडेपर्यंत हलणार नव्हता. फोन कोणाकडेच नव्हता, विचारून जाणार कसं? मग मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून टाकलं, कूलर बसवाल त्याच सकाळी मी येणार. त्या दिवशी घरात माणूस असतंच आणि खिडकीही मोकळी असते. त्यानंतर एकही फेरी वाया गेली नाही.

आज पोचलो तर कूलरवाला पायरीवर वैतागून बसलेला. "काका, मी म्हटलं काचा नंतर पुसा. आजी म्हणतात, या घरात तसं चालत नाही."

मी फडकं भिजवलं. काचा दोनदा पुसल्या.

तुमच्या घरात कुठल्या कामवाल्याने घालून दिलेला नियम अजून चालतो?