पायांकडे बघणारे सर

आमचे सर मारधाडीचा इंग्रजी सिनेमा बघताना हिरोच्या तोंडाकडे बघत नसत, त्याच्या पायांकडे बघत. शेजारचा माणूस हिरोच्या डोळ्यांतली आग बघून शिट्टी मारायचा, आणि सर खुर्चीत पुढे सरकून पुटपुटायचे, "पाय दाखव ना बावा, पाय." पाय दिसले की मागे टेकून बसायचे. नाही दिसले, तर बाहेर आल्यावर चहासुद्धा त्यांना गोड लागायचा नाही.

अमरावतीत एका मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगणात त्यांचा कराटेचा क्लास होता. लग्नसराईत अंगण मिळायचं नाही. मग आम्ही गच्चीवर जायचो. खाली बँड वाजायचा आणि वर आम्ही लाथा शिकायचो. सर वलगावचे, फुलं पिकवणाऱ्या माळ्याच्या घरातले. पहाटे मोटारसायकलवर झेंडूची पोती लादून बाजारात यायचे आणि संध्याकाळी कराटेचे पांढरे कपडे घालून आमच्यासमोर उभे राहायचे. त्या कपड्यांनाही झेंडूचा वास असायचा. क्लासमधल्या नव्या मुलींना वाटायचं, सर अत्तर लावतात.

नव्या विद्यार्थ्याला ते आधी पडायला शिकवत. पाठीवर पडणं, कुशीवर पडणं, घरंगळत जाऊन उठणं. मी रोज मळलेले कपडे घेऊन घरी यायची. शेवटी आई एकदा त्यांना विचारायला आली, "सर, ही मारणार कधी?" सर हात जोडून म्हणाले, "ताई, मारनं कोनीबी शिकवते. ज्याले पडता येते, त्याले मंग भेव राहत नाई." आईला ते पटलं की नाही माहीत नाही, पण क्लास बंद झाला नाही.

रविवारी सराव नसायचा, सिनेमा असायचा. भिंतीवर चादर बांधून सर आम्हाला मारामारीचे तुकडे दाखवत. आधी जुन्या इंग्रजी सिनेमातला. हिरो एक ठोसा मारतो, लगेच त्याचा चेहरा, लगेच दुसऱ्याचा चेहरा, आणि तो टेबलासकट आडवा. मग हाँगकाँगचा. कॅमेरा लांब उभा, दोन माणसं डोक्यापासून पायापर्यंत दिसतायत, आणि मारामारी नाचासारखी चाललेली; पाय दिसतात, म्हणजे लबाडी नाही. आणि मग नवा इंग्रजी सिनेमा. त्यात गोरा हिरो तसाच लढतोय, भिंतीवरून चालतोय, तारांवर उडतोय. "आता बदल कुठून आला ते पाहा," सर सांगत. हॉलिवूडवाल्यांनी हाँगकाँगचे फाईट मास्टर बोलावून घेतले, नटांना महिनोन्‌महिने तालमीला बसवलं, कॅमेरा मागे न्यायला शिकले. सरांच्या मते ही सगळी सोयरीक होती. "हाँगकाँगनं आपली लेक देल्ली तिकडे," ते म्हणायचे. "सासरच्यायनं पहिले नाकं मुरडली. पन पोरीनं सारं घर हाती घेतलं!"

हे वेड त्यांना तरुणपणीच लागलं होतं. त्यापायी घरी भांडून ते मुंबईला गेले होते, फाईटवाल्यांच्या टोळीत. हिरोच्या ऐवजी पहिल्या मजल्यावरून पडताना खाली अंथरलेली खोकी सरकली आणि उजवा खांदा निखळला. खांदा बसला, पण काम पुन्हा मिळालं नाही. सर वलगावला परतले, लग्न केलं, फुलं विकली, क्लास काढला. त्याबद्दल कुरकुर मी कधी ऐकली नाही. थंडीत खांदा दुखला की तेवढं म्हणायचे, "मुंबई आठवून राहिली."

मी मोठी झाले, अकोल्याला बँकेत लागले, तरी सुट्टीच्या दिवशी क्लासला येतच होते. अशाच एका रविवारी सरांना मुंबईच्या जुन्या मित्राचा फोन आला. एका परदेशी कंपनीचं शूटिंग राजस्थानातल्या किल्ल्यात होतं, आणि नीट पडू शकणारी माणसं हवी होती. बायकाही चालणार होत्या. सरांनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, "प्रणाली, सुट्टी भेटते का तुले?" वयाची पन्नाशी उलटलेला माणूस शाळेच्या सहलीला निघाल्यासारखा दिसत होता.

आम्ही किल्ल्यात पोचलो, तर तिथला फाईट मास्टर हाँगकाँगचा निघाला. पिकल्या केसांचा, बुटका, हातात सदा गरम पाण्याचा थर्मास. पहिल्या दिवशी सर त्याला नुसते लांबून बघत राहिले.

सरांचं काम एवढंच होतं: हिरोने छातीवर लाथ मारायची आणि सरांनी दगडी जिन्यावरून खाली यायचं. मास्टरला ते सगळं लांबून, एका दमात घ्यायचं होतं. पण हिरोची लाथ काही जोरात बसेना. समोर केस विरळ झालेला वडीलधारा माणूस बघून तो बिचारा पाय आखडता घ्यायचा. दोन-चारदा असं झाल्यावर दिग्दर्शक वैतागला. म्हणाला, जाऊ द्या, कॅमेरा जवळ आणा, चेहरे घ्या, बाकीचं कापून जुळवू. मास्टर थर्मास उचलून बाजूला झाला. मी हे सरांच्या कानात मराठीत सांगितलं.

"म्हनजे पाय दिसनार नाई?" सरांनी विचारलं.

"नाही दिसणार."

सर सरळ हिरोपुढे जाऊन उभे राहिले. छातीवर थाप मारून म्हणाले, "साहेब, यू किक. फुल किक. आय फॉल. नो टेन्शन."

हिरो हसला, मग गंभीर झाला, आणि त्याने वाकून नमस्कार केला. मी सरांचा हात धरला. "सर, खांदा..."

"खांदा माहा हाय ना? मंग तू काहून घाबरून राहिली?"

लाथ बसली. सर मागे फेकले गेले, जिन्यावर आदळले, लोळत, गरगरत थेट तळाला आले आणि उजव्या अंगावर निपचित पडले. कट झाल्यावरही ते उठले नाहीत. मी धावले, पण मास्टर माझ्या आधी पोचला. त्याने गुडघे टेकून सरांचा खांदा हळूहळू चाचपला. तेव्हा सरांनी डोळे उघडले आणि मला विचारलं, "पाय दिसले का?"

सगळे टाळ्या वाजवायला लागले. मास्टरने मोडक्या इंग्रजीत विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? मी सरांना सांगितलं. सर उठून बसले, मास्टरकडे बोट केलं आणि म्हणाले, "सांग त्यायले, तुमच्याच पिच्चरनं." मी सांगितलं. म्हाताऱ्याने थर्मासच्या झाकणात गरम पाणी ओतून ते सरांना दिलं.

पुढच्या वर्षी सिनेमा लागला. सगळा क्लास, वलगावची निम्मी आळी आणि काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, असे आम्ही थिएटरात बसलो. तो जिना लांबून, न कापता, पुरा दाखवला होता. सरांचा चेहरा मात्र दिसला नाही, कारण पाठ कॅमेऱ्याकडे होती. काकू मोठ्याने म्हणाल्या, "हे टक्कल तुमचंच ना हो?" आणि थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं.

त्यानंतर काही महिन्यांनी मास्टरचं बोलावणं आलं. हंगेरीत मोठ्या इंग्रजी सिनेमाची तयारी चालली होती, नटांना शिकवायला हाताखाली माणूस हवा होता. सरांचं आठवडाभर काही ठरेना. फुलं, क्लास, घर सोडून या वयात कुठे जायचं, असं त्यांचं चाललं होतं. निकाल काकूंनी लावला. "जा तुमी," त्या म्हणाल्या. "नाई गेले त जनमभर मलेच त्या पिच्चरच्या गोष्टी सांगत बसान."

शेती धाकट्या भावाने घेतली. क्लास माझ्याकडे आला. मी म्हटलं, "सर, मी अकोल्याला राहते." ते म्हणाले, "अकोला काय अमेरिकेत हाय? गाडीत बसली का बडनेरा येते." बडनेरा स्टेशनावर त्यांना सोडायला गेलो तेव्हा गाडी आली, आणि आम्ही सगळ्यांनी रांगेत उभं राहून त्यांना कमरेत वाकून नमस्कार केला. हमाल बघत राहिले. सरांनीही दारातून तसाच नमस्कार केला, आणि वर येताना कपाळ दाराच्या दांडीवर आपटून घेऊन ओरडले, "अरे बाप्पा!" त्यामुळे आम्ही रडायचे ते हसलोच.

तिकडच्या लोकांना वाटतं, 'सर' हे त्यांचं नावच आहे. एका सिनेमाचं काम संपतं, दुसरं लागतं. मधल्या सुट्टीत वलगावला येऊन जातात, आणि यंदा काकूही हिवाळा बघायला तिकडे गेल्या आहेत. गेल्या रविवारी सरांनी फोनवर मला तिथली तालीम दाखवली. एक उंच, सोनेरी केसांची मुलगी कमरेला तारा बांधून उभी होती. सरांनी इशारा केला, तारा ओढल्या गेल्या, आणि ती मुलगी एका झटक्यात छताजवळ गेली. वरून ती जिवाच्या आकांताने ओरडली, "अरे बाप्पा!"